गिऱ्हाईक आणून देण्याचे मोल : दलालीपासून आगाऊ वर्गणीपर्यंत (तिसगाव परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार)

प्रस्तावना

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पाथर्डी तालुक्यातील तिसगाव हे कल्याण–निर्मल राष्ट्रीय महामार्गावरील बाजाराचे गाव आहे. नगरहून करंजी घाट ओलांडून पाथर्डीकडे जाताना ते लागते. कानिफनाथांच्या समाधीमुळे आणि रंगपंचमीच्या सुमारास भरणाऱ्या गाढवांच्या बाजारामुळे महाराष्ट्रभर ओळखले जाणारे मढी येथून जवळच आहे. महामार्गावरील अशा गावांत फॅब्रिकेशन, मोटार रिवाइंडिंग, बोअरवेल, मंडप, शेती अवजारांची दुरुस्ती असे एकदोन माणसांच्या श्रमावर चालणारे व्यवसाय वाढले आहेत. गिऱ्हाईक पंचक्रोशीतले, ओळख तोंडी आणि उधारी वहीवर, हा या व्यवसायांचा आजवरचा शिरस्ता होता. सन २०१६ नंतर स्वस्त मोबाइल इंटरनेट आले, सन २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला, सन २०२० मध्ये 'उद्यम' नोंदणी सुरू झाली. या तिन्हींमुळे पूर्वी केवळ गावाला ठाऊक असलेला व्यावसायिक दूरच्या शहरातील विक्री प्रतिनिधीच्याही दृष्टिपथात आला.

हा प्रतिनिधी माल विकत नाही, गिऱ्हाईक विकतो. नेमके सांगायचे तर गिऱ्हाईकही विकत नाही; कोणीतरी अमुक वस्तूची चौकशी केली आहे, एवढी माहिती विकतो. व्यापारी बोलीत हिला 'लीड' म्हणतात. प्रस्तुत निबंधात तिला 'चौकशी' म्हटले आहे. वर्षाची वर्गणी आगाऊ भरली की चौकश्या येत राहतील, असे सांगितले जाते. पुढे येणाऱ्या तक्रारी गावोगावी इतक्या सारख्या आहेत की त्या व्यक्तिगत दुर्दैवाच्या सदरात टाकून चालणार नाही. या तक्रारींचे मूळ काही व्यक्तींच्या लबाडीपेक्षा मोबदल्याच्या पद्धतीत झालेल्या एका बदलात आहे आणि तो बदल इतिहासाच्या आधाराने स्पष्ट दिसतो, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे. गिऱ्हाईक आणून देणाऱ्याला पैसे द्यायचे, हे आपल्याकडे नवे नाही. ते कधी द्यायचे, याचे उत्तर मात्र बदलले आहे.

दलाल आणि अडत्या

'दलाल' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. त्याच्या मुळाशी वाट दाखवणे हा अर्थ आहे. 'लीड' या इंग्रजी शब्दातही वाट दाखवण्याचाच भाव असावा, हा योगायोग लक्षणीय म्हणावा लागेल. मराठेशाहीतील पेठांमध्ये शेटे आणि महाजन हे बाजाराचे वतनदार असत. नवी पेठ वसवताना व्यापाऱ्यांना कौल देऊन आणणे, काही वर्षे करात सूट देणे, पेठेची घडी बसवणे ही त्यांची कामे. बाजार भरवण्याबद्दल त्यांना मिळणारे हक्क पेठेतील दुकानांवर आणि येणाऱ्या मालावर असत. पेठ ओस पडली की हक्कही आटत, म्हणून व्यापारी टिकून राहण्यात वतनदाराचाही स्वार्थ असे.

दलालीचे तत्त्व याहून सरळ होते. दोघांची गाठ घालून द्यायची, भाव जुळवायचा आणि सौदा तुटला की दोन्हीकडून किंवा एकीकडून ठरलेला हिस्सा घ्यायचा. मराठीत सौदा 'तुटणे' म्हणजे भाव पक्का होणे. दलालाचा हक्क त्या क्षणी उत्पन्न होत असे. गाठ घातली आणि सौदा फिसकटला, तर दलालाचे पायपिटीचे श्रम फुकट जात. हा लोकव्यवहार भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्येही प्रतिबिंबित झाला आहे. त्याच्या कलम २१९ नुसार, विशेष करार नसेल तर सोपवलेले कृत्य पूर्ण होईपर्यंत अभिकर्त्याचा मोबदला देय होत नाही. कलम २२० असे सांगते की ज्या कामात अभिकर्त्याने गैरवर्तन केले, त्या कामाचा मोबदला मागण्याचा त्याला अधिकार नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या या दोन कलमांत दलालीची नीती थोडक्यात आली आहे. कलम २१९ मधील 'विशेष करार नसेल तर' या शब्दांकडे मात्र पुढे परत यावे लागेल, कारण आजचा सगळा व्यवहार त्या फटीतून चालतो.

जुन्या दलालाचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव सांगण्याची पद्धत जुन्या पिढीने पाहिलेली आहे. शेतमालाच्या बाजारातही कापडाखाली हात धरून, ज्याला हत्ता पद्धत म्हणत, सौदे होत. ज्याचा माल त्यालाच भाव कळत नसे. अडत, हमाली, तोलाई, कडता अशा कपातींनंतर शेतकऱ्याच्या हाती काय उरले, याचा हिशेब अडत्याच सांगणार. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शेतकी शाही आयोगाने १९२८ च्या अहवालात गुप्त सौद्यांची आणि अनधिकृत कपातींची दखल घेऊन नियंत्रित बाजारांची शिफारस केली. त्यासाठी नमुना वऱ्हाडात तयार होता. कारंजा येथे १८८६ मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला होता आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला होता. पुढे मुंबई इलाख्यात १९२७ चा कापूस बाजार कायदा, १९३९ चा शेती उत्पन्न बाजार कायदा आणि राज्यनिर्मितीनंतर १९६३ चा महाराष्ट्र कृषी उत्पन्न खरेदी-विक्री अधिनियम अशी ही परंपरा आहे.

या कायद्यांनी दलाल संपवला नाही. त्याला परवाना घ्यायला लावले, भाव उघड लिलावाने ठरवायला लावला, कपातींचे दर ठरवून दिले आणि मालधन्याच्या हाती हिशेबपट्टी देणे बंधनकारक केले. अडत कोणी द्यायची हा प्रश्न तर याहूनही उशिरा सुटला. डिसेंबर २०१४ मध्ये शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून अडत घेण्याचा आदेश निघाला आणि व्यापाऱ्यांच्या विरोधामुळे काही दिवसांतच स्थगित झाला. जुलै २०१६ मध्ये फळे व भाजीपाला नियमनातून मुक्त करताना अडत खरेदीदाराकडे वळवण्यात आली, तेव्हा बाजार समित्यांत संप झाले. कारंजाच्या बाजारापासून मोजले तर गिऱ्हाईक मिळवून देण्याच्या मोबदल्यावर सव्वाशे वर्षे वाद आणि कायदे चालले आहेत. अडत्याची लूट दिसत होती, तिला नाव होते आणि ती पोत्यावर मोजता येत होती, म्हणूनच तिच्यावर कायदा करता आला.

आगाऊ कापून घेण्याची रीत

सौद्याआधीच पैसे घेण्याची एक रीत या जिल्ह्याला जुन्या काळापासून परिचित आहे. परंतु ती बाजारातील नव्हे, सावकारीतील. कर्ज देतानाच मुद्दलातून मनोती कापून घेतली जाई. रोख्यावर शंभर, हातात त्याहून कमी आणि व्याज पूर्ण शंभरावर. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून दंगे सुरू झाले आणि नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदे, नगर व कर्जत तालुक्यांत पसरले. दंगेखोरांचा रोख सावकाराच्या देहापेक्षा त्याच्या दप्तरावर होता. रोखे हस्तगत करून जाळणे हा या दंग्यांचा मुख्य हेतू, असे चौकशी आयोगालाही दिसून आले.

त्यातून आलेला १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता. त्याचे बारावे कलम आजही वाचण्यासारखे आहे. रोख्यावर कुणब्याची निशाणी आहे एवढ्यावर न थांबता, व्यवहाराच्या आरंभापासूनचा इतिहास आणि त्याची सत्यासत्यता न्यायालयाने तपासावी, असे त्यात सांगितले होते. याच कायद्याने देणेदाराला पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क दिला. सही करणाऱ्या दोन पक्षांचे बळ समान नसेल, तर सहीमागचा इतिहास पाहिला पाहिजे, हे तत्त्व इंग्रज सरकारने या जिल्ह्यासाठी मान्य केले होते. या कायद्याने सावकारी संपली असे नाही. सावकारांनी उघड खरेदीखतांचा मार्ग शोधला, ही टीका तेव्हापासूनच आहे. तत्त्व मात्र कायद्याच्या पुस्तकात नोंदले गेले.

आगाऊ पैशाचे दुसरे उदाहरण पाथर्डी तालुक्याच्या आजच्या जीवनाशी निगडित आहे. हा तालुका ऊसतोड कामगारांचा. तालुक्यातच आदिनाथनगर येथे वृद्धेश्वर सहकारी साखर कारखाना असला, तरी इथले हजारो कोयते दरसाल पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कोयता म्हणजे तोडणी करणारे नवरा-बायकोचे जोडपे. टोळी जमवून देणारा मुकादम हाही एका अर्थी गाठ घालून देणारा दलालच. कारखान्याच्या वतीने वाहतूकदार मुकादमाला आगाऊ रक्कम देतो, मुकादम कोयत्याला उचल देतो. मुकादमाचे कमिशन मात्र तुटलेल्या उसाच्या टनांवर असते; जानेवारी २०२४ च्या करारात ते वीस टक्के झाले. उचल बुडवून टोळी आलीच नाही, तर ट्रॅक्टर कर्जाने घेतलेला वाहतूकदार बुडतो. अशा फसवणुकींचे गुन्हे कोल्हापूर, सांगली, सोलापूरपासून नगरपर्यंत नोंदले गेले आहेत. या पद्धतीत सर्वांत जास्त भरडला जातो तो कोयताच, हे येथे विसरता येत नाही. तथापि आपल्या विषयापुरते असे दिसते की मुकादमीसारख्या कठोर व्यवस्थेतही मध्यस्थाचे कमिशन उसाच्या फडात झालेल्या कामाशी बांधलेले आहे. टोळी आणतो एवढ्या आश्वासनावर त्याला जे मिळते, ती परत करावयाची उचल असते. ती त्याची कमाई नव्हे.

पिवळ्या पानांपासून दूरध्वनीपर्यंत

मग गिऱ्हाईक मिळाले न मिळाले तरी पैसे द्यायचे, ही कल्पना व्यापारात कोठून आली? ती जाहिरातीतून आली. वर्तमानपत्रातील जाहिरातीचे पैसे जागेचे असतात, विक्रीचे नव्हेत. व्यवसायवार नावे देणाऱ्या पिवळ्या पानांच्या दूरध्वनी निर्देशिकेने हीच पद्धत लहान दुकानदारापर्यंत नेली. मुंबईत महानगर टेलिफोन निगमाने १९८७ पासून निर्देशिकेचे काम बाहेरील कंत्राटदारांकडे सोपवले आणि त्यांना जाहिराती मिळवून पिवळी पाने जोडण्याची मुभा दिली. टाटा प्रेसने आपली स्वतंत्र पिवळी पाने काढली, तेव्हा निगम न्यायालयात गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये टाटा प्रेसच्या बाजूने निकाल दिला आणि व्यापारी जाहिरात हीसुद्धा घटनेच्या अनुच्छेद १९(१)(क) खालील अभिव्यक्ती आहे, असे ठरवले. ग्राहकाचा माहिती मिळवण्याचा अधिकार हा त्या निकालातील महत्त्वाचा धागा. ती माहिती छापून येण्यासाठी पैसे मोजणारा दुकानदार मात्र त्या वादात कुठेच पक्षकार नव्हता.

निकालाच्या दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९९६ मध्ये, व्ही. एस. एस. मणी यांनी मुंबईत जस्ट डायल सुरू केले. लक्षात राहील असा आठांच्या ओळीचा दूरध्वनी क्रमांक, विचारणाऱ्याला माहिती फुकट, दुकानदाराची साधी नोंदही फुकट. अग्रक्रमाने नाव सांगितले जावे यासाठी मात्र शुल्क. त्याच वर्षी दिनेश अग्रवाल यांनी इंडियामार्ट सुरू केले. ते प्रामुख्याने व्यापाऱ्याची व्यापाऱ्याशी गाठ घालून देते. पहिली कंपनी २०१३ मध्ये आणि दुसरी २०१९ मध्ये भागबाजारात नोंदली गेली. जस्ट डायलचे नियंत्रण २०२१ मध्ये रिलायन्स रिटेल समूहाकडे गेले. या उद्योगाने अनेकांना खरोखर बाजार मिळवून दिला आहे. मोठ्या शहरातील यंत्रसामग्रीचा उत्पादक, ज्याचा माल देशभर जातो आणि ज्याच्याकडे फोन घ्यायला दिवसभर माणूस बसलेला असतो, त्याला वर्गणी परवडते. हे मान्य केल्याशिवाय पुढील मुद्द्यांना न्याय मिळणार नाही.

येथे जो बदल झाला तो असा. पिवळ्या पानांत जागा विकली जात होती आणि ती जागा आहे असे सांगूनच विकली जात होती. चौकशीच्या व्यवहारात पैसे जाहिरातीच्या रीतीने आगाऊ घेतले जातात, पण आश्वासन दलालाच्या भाषेत दिले जाते. 'तुमच्याकडे गिऱ्हाईक येईल' हे बोलणे दलालाचे, तर 'आम्ही केवळ मंच आहोत, व्यवहाराशी आमचा संबंध नाही' हा करारनामा जाहिरातदाराचा. पैसे घेताना एक रूप आणि तक्रार आली की दुसरे, ही या व्यवहारातील मूळ विसंगती आहे.

चौकशी ही वस्तू

अडत्याकडे आलेले पोते एकदाच विकले जाते. चौकशीचे तसे नाही. एका शेतकऱ्याने पत्र्याच्या शेडबद्दल विचारणा केली, तर ती विचारणा पाच-सहा फॅब्रिकेशनवाल्यांना एकाच वेळी देता येते आणि प्रत्येकाची वर्गणी तीतून वसूल होते. काम मात्र एकालाच मिळणार. उरलेल्यांनी काय घेतले? काहीच नाही, पण किंमत सर्वांनी मोजली. पाच जण एकदम फोन करू लागले की विचारणाराही गोंधळतो. तो भाव पाडून मागतो, अथवा फोन घेणेच बंद करतो. दलालाला सौदा तुटण्यात रस होता, तो तुटला नाही तर त्याची चूल पेटत नव्हती. चौकशी विकणाऱ्याचा रस चौकश्यांच्या संख्येत आहे, त्यांच्या शेवटाशी त्याला कर्तव्य नाही.

तिसगावसारख्या गावातून पाहिले की याला अंतराची भर पडते. सेवेच्या यादीत 'अहमदनगर' हा एक भाग धरलेला असेल, तर अकोले ते जामखेड हा सारा प्रदेश त्यात येतो. क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. तिसगावच्या कारागिराला अकोल्याची चौकशी मिळणे म्हणजे न मिळण्यासारखेच. ग्रामीण भागातील माणूस शेड बांधायचे झाले तर आधी पाहुण्यांना विचारतो, बाजारच्या दिवशी दोन ठिकाणी फिरतो आणि मगच ठरवतो. संगणकावर चौकशी टाकणारा पुष्कळदा केवळ भावाचा अंदाज घेत असतो. त्याला दोष देता येणार नाही. परंतु त्याच्या कुतूहलाची किंमत कारागिराने का मोजावी, हा प्रश्न उरतो.

तक्रारींचा दुसरा गट पैसे घेण्याच्या पद्धतीविषयी आहे. तोंडी सांगितलेली चौकश्यांची संख्या करारात नसते. हप्ते बँकेतून आपोआप वळते करण्याची संमती पहिल्याच दिवशी घेतली जाते आणि ती थांबवण्यासाठी कोठे अर्ज करायचा, हे सांगायला पुढे तो प्रतिनिधी कंपनीत राहिलेला नसतो. मुदत संपताना नूतनीकरण झालेले असते. वस्तुतः या व्यवसायाचे अर्थकारणच आगाऊ पैशावर उभे आहे. इंडियामार्टच्या हिशेबपत्रकात मार्च २०२४ अखेर, पैसे घेतले पण सेवा अद्याप द्यावयाची आहे अशी रक्कम एक हजार कोटी रुपयांहून अधिक होती आणि त्या वर्षीचे उत्पन्न सुमारे बाराशे कोटी. यात गैर काही नाही, वर्गणीचा धंदा असाच चालतो. सर्वांत खालच्या वर्गणीतील विक्रेते वरच्या वर्गातील विक्रेत्यांपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात सोडून जातात, हेही कंपनीच्या व्यवस्थापनाने गुंतवणूकदारांना वेळोवेळी सांगितले आहे. म्हणजे ज्याची कुवत सर्वांत कमी, तोच पैसे भरून, अनुभव घेऊन सर्वांत लवकर बाहेर पडतो. गुंतवणूकदाराच्या दृष्टीने हा गळतीचा दर आहे. गावाच्या दृष्टीने पाहिले तर ती एका कारागिराच्या दोन महिन्यांच्या कमाईची गोष्ट असू शकते.

हा अनुभव केवळ भारतातील नाही. अमेरिकेत घरदुरुस्तीची कामे करणाऱ्या लहान व्यावसायिकांना चौकश्या विकणाऱ्या होमॲडव्हायझर या कंपनीविरुद्ध तेथील फेडरल ट्रेड कमिशनने मार्च २०२२ मध्ये कारवाई सुरू केली. चौकश्या कामाच्या प्रकाराशी व भागाशी जुळणाऱ्या आणि लवकर काम देऊ इच्छिणाऱ्या लोकांच्या असतात, असे कंपनी सांगत होती, पण पुष्कळ चौकश्या तशा नव्हत्या. त्यांतून कामे मिळण्याचे प्रमाणही कंपनीच्या स्वतःच्या आकड्यांपेक्षा फुगवून सांगितले जात होते, असे आयोगाचे म्हणणे होते. सन २०२३ च्या आदेशानुसार कंपनीला ७२ लाख डॉलरपर्यंत रक्कम द्यावी लागली. या प्रकरणात फसवला गेलेला पक्ष घरमालक नव्हता, तर नळदुरुस्ती आणि सुतारकाम करणारे व्यावसायिक होते. त्यांच्या वतीने सरकारी यंत्रणा उभी राहिली. आपल्याकडे अर्बनक्लॅप (२०२० पासून अर्बन कंपनी) या सेवेनेही आरंभीच्या काळात कारागिरांना चौकश्या विकल्या. नंतर ती पद्धत सोडून पूर्ण झालेल्या कामावर कमिशन घेण्याची पद्धत स्वीकारली. जुनी दलाली नव्या वेषात परत आली, असे म्हणायला हरकत नाही. त्या कमिशनच्या दरावरून कारागिरांची आंदोलने झाली हेही खरे. परंतु दरावर भांडता येते, कारण झालेले काम आणि कापलेली रक्कम दोन्ही समोर असतात.

दाद कोठे मागायची

तिसगावच्या व्यावसायिकाने वीस-तीस हजार रुपयांची वर्गणी गमावली, तर त्याला कोणता मार्ग उपलब्ध आहे? पहिला विचार ग्राहक न्यायालयाचा येतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, १९८६ मध्ये २००२ साली दुरुस्ती झाली व ती मार्च २००३ पासून लागू झाली. तिने व्यापारी हेतूने घेतलेल्या सेवा 'ग्राहक' या व्याख्येबाहेर ठेवल्या. स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू वा सेवा हा अपवाद राखला आणि २०१९ च्या अधिनियमातही तो कायम आहे. अपवादाची रेघ कोठे ओढायची, यावर सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स (१९९५) प्रकरणापासून विचार केला आहे. लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्ट (२०१९) प्रकरणात व्यवहाराचा मुख्य हेतू पाहावा असे सांगितले, तर श्रीकांत मंत्री (२०२२) प्रकरणात शेअर दलालाने धंद्यासाठी घेतलेली बँक सेवा ग्राहक कायद्याबाहेर ठरवली. स्वतः वेल्डिंग करणारा, हाताखाली एक पोऱ्या असलेला माणूस या अपवादात बसावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पण ते प्रत्येक प्रकरणात सिद्ध करावे लागते आणि समोरच्या पक्षाचा पहिला आक्षेप हाच असतो. सन २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची सोय दिली आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणांत शुल्क नाही. नगरच्या जिल्हा आयोगापर्यंत तरी तिसगावकराला जाता येते. तो ग्राहक नाही असे ठरले, तर मात्र करारात लिहिलेल्या दूरच्या शहरातील दिवाणी न्यायालय उरते, आणि तेवढ्या रकमेसाठी कोणी तेथे जात नाही.

लघुउद्योगांसाठी खास केलेला २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियमही येथे उपयोगी पडत नाही. खरेदीदाराने पंचेचाळीस दिवसांत पैसे दिले नाहीत, तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लघुउद्योगाला मिळते, ही त्याची महत्त्वाची तरतूद. लहान उद्योजक विक्रेता असेल, त्याचे पैसे थकले असतील, तेव्हा हा कायदा त्याच्या पाठीशी आहे. तोच सेवा विकत घेतो, आगाऊ पैसे देतो आणि फसतो, ही शक्यता कायदाकारांच्या डोळ्यांसमोर नव्हती. नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी वर्गणीच्या सापळ्याला अनुचित ठरवले खरे, पण त्यांचाही आधार ग्राहक कायदाच; म्हणजे पुन्हा व्याख्येचा तोच उंबरठा.

आता कलम २१९ मधील त्या चार शब्दांकडे येता येईल. 'विशेष करार नसेल तर' कृत्य पूर्ण झाल्यावरच मोबदला. मोबाइलच्या पडद्यावर अटी मान्य असल्याची खूण करताच तो विशेष करार अस्तित्वात येतो आणि दलालीची सगळी जुनी नीती एका बोटाने बाजूला सरते. या खुणेला आजचे न्यायालय सहीचे मोल देते. सन १८७९ मध्ये याच जिल्ह्यात निशाणीमागचा इतिहास तपासण्याचे कर्तव्य न्यायालयावर होते. तो कायदा पुढे रद्द झाला आणि त्याचे तत्त्व सावकारीपुरतेच राहिले. त्याच कायद्यातील वर्षाच्या हिशेबाचा हक्क आणि बाजार समितीतील हिशेबपट्टी या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या, तर काय मागावे हे समजते. वर्गणी घेणाऱ्याने दरमहा लेखी सांगावे की किती चौकश्या दिल्या, त्यांपैकी प्रत्येक आणखी किती जणांना दिली, ती कोठून मिळवली, विचारणाऱ्याशी प्रत्यक्ष बोलणे झाले होते की नाही आणि त्या भागात, त्या धंद्यात गेल्या वर्षी किती वर्गणीदारांनी नूतनीकरण केले. ही सर्व माहिती संगणकात आधीपासून असते. चौकशी कोणाकोणाला गेली हे ठाऊक असल्याशिवाय ती विकताच येणार नाही. पाथर्डी बाजार समितीतील अडत्याला कांद्याच्या प्रत्येक गोणीमागे जी पट्टी लिहून द्यावी लागते, तेवढीच ही मागणी आहे. मात्र ती मागण्याचा हक्क आज कोणत्याही कायद्यात लिहिलेला नाही.